नऊ प्रश्नांची युट्रेक्ट मोजपट्टी: मराठवाड्यातल्या रुग्णालयीन समाजसेवकांसाठी किती कामाची?

सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाने किती काम केलं हे रजिस्टर सांगतं. किती रुग्णांची योजनेची कागदपत्रं जुळवली, किती अनोळखी रुग्णांचे नातेवाईक शोधले, किती जणांना रक्त, औषध, गावी जायचं भाडं मिळवून दिलं, हे सगळं रकान्यात बसतं. त्या कामात माणसाचा जीव किती उरलाय, याला मात्र कोणत्याच रजिस्टरमध्ये रकाना नाही. ते मोजायला जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी पट्टी म्हणजे युट्रेक्ट वर्क एंगेजमेंट स्केल. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठातले विल्मार शाउफेली आणि त्यांचे सहकारी यांची ही पट्टी २००२ मध्ये १७ प्रश्नांची म्हणून पुढे आली. २००६ मध्ये दहा देशांतली माहिती घेऊन त्यांनी तिची ९ प्रश्नांची छोटी आवृत्ती काढली. हे परीक्षण त्या छोट्या आवृत्तीचं आहे, आणि ते एकाच प्रश्नाभोवती आहे: घाटी (छत्रपती संभाजीनगर), विष्णुपुरी (नांदेड), अंबाजोगाई, लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, जिल्हा रुग्णालयांत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्या समाजसेवकांना ती लावली, तर हाती काय लागतं?

निकाल आधीच सांगतो. पट्टी चांगली आहे, जरूर वापरावी. पण तिचं मराठी बोलीला धरून केलं नाही आणि उत्तर देणाऱ्याला आपलं नाव झाकलेलं राहील याची खात्री वाटली नाही, तर येणारा आकडा बघायला सुंदर आणि कामाला निरुपयोगी असतो. आणि हा आकडा व्यक्तीच्या गोपनीय अहवालात टाकायचा विचार असेल, तर ही पट्टी हातातच घेऊ नये.

नऊ प्रश्नांचे तीन गट आहेत. पहिला, दुसरा आणि पाचवा प्रश्न अंगातल्या हुरुपाचे. तिसरा, चौथा आणि सातवा कामाबद्दलच्या आपुलकीचे, म्हणजे काम अर्थपूर्ण वाटणं, त्याचा अभिमान वाटणं. सहावा, आठवा आणि नववा कामात गढून जाण्याचे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ६ असं उत्तर. शून्य म्हणजे कधीच नाही, १ म्हणजे वर्षातून क्वचित, २ म्हणजे महिन्यातून एखादवेळी, ३ म्हणजे महिन्यातून काही वेळा, ४ म्हणजे आठवड्यातून एकदा, ५ म्हणजे आठवड्यातून काही वेळा आणि ६ म्हणजे रोज. पट्टीचं बळ इथेच आहे. ‘सहमत, असहमत’ विचारलं की आपल्याकडे माणूस भिडेखातर सहमत होतो. ‘किती वेळा’ विचारलं की त्याला क्षणभर का होईना, गेला महिना आठवावा लागतो. म्हणून छापताना आकड्याखाली ‘महिन्यातून काही वेळा’ हे शब्द आलेच पाहिजेत. जागा वाचवायला नुसतं ‘कधीकधी, बरेचदा, नेहमी’ ठेवलं की पट्टीचा अर्धा जीव गेला. ‘बरेचदा’ म्हणजे किती, हे परभणीतल्या दोन माणसांचंही एक नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट, मूळ पुस्तिकेतच आहे. फॉर्मच्या माथ्यावर पट्टीचं नाव न लिहिता ‘काम आणि स्वास्थ्य सर्वेक्षण’ अशा अर्थाचं शीर्षक द्यायचं असतं. आपल्याकडे हौसेने ‘समाजसेवकांच्या कार्यनिष्ठेचे मापन’ असं ठळक छापतात. निष्ठा मोजणार म्हटल्यावर कोण शून्यावर खूण करील?

मराठी करताना काय बिघडतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पहिल्या प्रश्नाचा आशय असा की कामावर असताना अंगात भरपूर उत्साह असतो. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की ‘मी ऊर्जेने ओसंडून वाहतो’ असलं काहीतरी होतं. जिल्हा रुग्णालयात दुपारी दोन वाजता हे वाक्य वाचून कोणाच्याही मनात काही उमटत नाही, आणि मग हात सवयीने मधल्या चौकटीकडे जातो. ‘कामावर असताना मला हुरूप असतो’ हे पुरेसं आहे. दुसरा प्रश्न त्याच्याच जवळचा, पण ताकदीचा. तिथे ‘कामावर असताना अंगात बळ वाटतं’ चालतं. हे दोन प्रश्न मराठीत एकमेकांची नक्कल वाटतात अशी तक्रार हमखास येते. ती खरी आहे. तरी दोन्ही ठेवावेत, कारण नऊपैकी एक काढला की तुलना करायची सोय जाते.

अभिमानाच्या प्रश्नात हिंदीच्या सवयीने ‘गर्व’ येतो. मराठीत गर्व हा दोष आहे, त्याचं घर खाली असतं. ‘अभिमान’च हवा. ‘समर्पण’ हा शब्द तर कुठेही येऊ देऊ नये. तो कीर्तनातला आणि सत्कार समारंभातला शब्द आहे. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं.

नवव्या प्रश्नात इंग्रजीचा अर्थ ‘काम करता करता भान राहत नाही’ असा आहे. भाषांतरात बहुतेक वेळा ‘वाहवत जातो’ असं होतं, आणि मराठीत वाहवत जाणं म्हणजे ताळतंत्र सुटणं. चांगला माणूस इथे प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’वर खूण करतो आणि त्याचे गुण पडतात. ‘कामात रंगून जाणं होतं’ असं लिहिलं की अर्थ जागेवर येतो. आठव्यासाठी ‘गढून जाणं’ हा शब्द तर आयता आहे.

सहावा प्रश्न सगळ्यात फसवा. झपाटून, मन लावून काम करताना आनंद होतो का, असं त्याला विचारायचंय. ‘जास्त काम असताना मला आनंद होतो’ असं लिहिलं की तो बोज्याचा प्रश्न होतो. एका माणसावर तीन माणसांचं काम असलेल्या ठिकाणी हा प्रश्न थट्टा वाटतो, आणि त्या रागाचा परिणाम पुढच्या तीन उत्तरांवर होतो. ‘एखाद्या कामाला मनापासून भिडल्यावर मला आनंद मिळतो’ इतकं स्वच्छ ठेवावं.

याहून वेगळी अडचण व्याकरणाची. इंग्रजी वाक्याला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. ‘मी गढून जातो’ असं छापलं की हातात फॉर्म घेतलेल्या बाईंना पहिल्याच ओळीला कळतं की हा आपल्यासाठी लिहिलेला नाही. ‘जातो/जाते’ असं नऊ वेळा आलं की वाचायला खडबडीत होतं. उपाय सोपा आहे: वाक्यं ‘मला’ किंवा ‘माझं’ धरून लिहावीत. मला हुरूप असतो, मला अभिमान वाटतो, माझं गढून जाणं होतं. नऊच्या नऊ वाक्यं अशी बसतात.

भाषांतराचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकवू नये. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, त्यातला एक जण रुग्णालयीन समाजकार्य जाणणारा आणि दुसरा त्या क्षेत्राबाहेरचा. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा करायचा. मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. फरक पडेल तिथे परत बसायचं. मग पाच-सात समाजसेवकांना फॉर्म देऊन प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, ‘हे वाचून तुम्हाला काय समजलं?’ शेवटची पायरी बहुतेक प्रबंधांत गाळली जाते. ‘वाहवत जाणं’ नेमकं तिथेच पकडता येतं.

कोणतं काम, कोणाचं काम

कामातल्या उत्साहाऐवजी संस्थेशी असलेली बांधिलकी मोजायची असेल, तर प्रसिद्ध पट्टी मेयर आणि ॲलन यांची आहे. त्यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन पदर मांडले: मनाची ओढ, सोडलं तर होणारं नुकसान, आणि राहिलं पाहिजे ही कर्तव्यभावना. १९९३ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येकी ६ असे १८ प्रश्न आहेत. विचाराने ही पट्टी जास्त श्रीमंत आहे, आणि आपल्याकडे दुसरा पदर फार बोलका निघतो, कारण कंत्राटी माणूस टिकून असतो तो पुष्कळदा दुसरी जागा नाही म्हणून. पण तिचे प्रश्न ‘ही संस्था’ या शब्दावर उभे आहेत, आणि इथेच गाडी अडते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची संस्था कोणती? ज्या रुग्णालयात बसतो ते, सही करणारे जिल्हा शल्यचिकित्सक, नेमणूक देणारी जिल्ह्याची सोसायटी, की मुंबईतलं अभियान कार्यालय? बाह्यस्रोतातून आलेल्याच्या बाबतीत तर पगार देणारी कंपनी आणखी वेगळी. वैद्यकीय महाविद्यालयातला समाजसेवा अधीक्षक वैद्यकीय शिक्षण विभागाचा, जिल्हा रुग्णालयातला सार्वजनिक आरोग्य विभागाचा. एकाच शहरात, एकाच रुग्णासाठी फोनवर बोलणारी ही दोन माणसं ‘संस्था’ म्हटल्यावर वेगवेगळ्या इमारती डोळ्यांपुढे आणतात. युट्रेक्ट पट्टी फक्त कामाबद्दल विचारते. मराठवाड्यासाठी तिची निवड करण्याचं हे सगळ्यात ठोस कारण.

तरी ‘काम’ हा शब्दही मोकळा सोडता येत नाही. भारतातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला असं मानलं जातं. इतकं जुनं पद असूनही ‘हे काम कोणाचं?’ याचं उत्तर ज्याला कोणाला सापडत नाही तो समाजसेवकाकडे बोट दाखवतो. शिबिराचा मंडप, मंत्र्यांच्या दौऱ्याची यादी, पोर्टलवरची माहिती भरणं, सगळं त्याच्या टेबलावर येतं. ‘माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो’ या वाक्याला त्याने उत्तर द्यायचं ते कशाबद्दल? विषबाधेच्या वॉर्डातल्या शेतकऱ्याच्या बायकोशी बोलण्याबद्दल, की पोर्टलबद्दल? प्रश्न बदलायला परवानगी नाही, पण सूचना लिहायला आहे. प्रश्नांच्या वर दोन ओळी टाकाव्यात: ‘काम म्हणजे रुग्ण व नातेवाइकांसाठी तुम्ही करत असलेलं समाजकार्य. कार्यालयीन इतर कामं धरू नयेत.’ आणि फॉर्मच्या शेवटी एक जादा प्रश्न: गेल्या आठवड्यात दहापैकी किती भाग वेळ रुग्णांसाठी गेला? हा एक आकडा जवळ असला की बाकीचे नऊ वाचता येतात.

गढून जाण्याच्या तीन प्रश्नांबद्दल एक धोका ध्यानात ठेवावा. या पट्टीची घडण ज्या प्रकारच्या कामावर बसते, त्यात सलग बसणं असतं. इथे सलगता नाहीच. अनोळखी रुग्णाचं एक प्रकरण घ्या. अपघात विभागातून बोलावणं येतं. पोलीस चौकीत एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा) क्रमांक बघायचा, खिशातल्या चिठ्ठीवरचा अर्धवट नंबर लावून बघायचा, वॉर्डात सिस्टरला कळवायचं, रक्तपेढीत शब्द टाकायचा. तेवढ्यात डायलिसिसच्या रुग्णाचा मुलगा रेशनकार्ड घेऊन दारात उभा, कारण कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. हे सोडून ते, ते सोडून हे. असा माणूस ‘गढून जाणं’ला २ लिहील आणि ‘अभिमान’ला ६. त्यावरून त्याचं मन कामात नाही असं म्हणणं चूक आहे. व्यत्यय हाच त्याच्या कामाचा स्वभाव आहे.

पाचवा प्रश्न, सकाळी उठल्यावर कामाला जावंसं वाटतं का, हा आपल्याकडे अर्धा प्रवासाचा प्रश्न होतो. अप-डाउन करणारे पुष्कळ. पहाटेची गाडी चुकली की दिवस चुकला. त्यामुळे ‘अप-डाउन करता का, रोज किती तास?’ हे विचारायलाच हवं. नाहीतर रेल्वेचं वेळापत्रक मोजलं जाईल आणि अहवालात नाव हुरुपाचं लागेल.

आठ जिल्हे, मूठभर माणसं

मराठवाड्यात ही पट्टी वापरताना खरी कसोटी लागते ती नाव झाकण्यात. शिक्षक किंवा परिचारिका शेकड्यांनी असतात. समाजसेवक एका रुग्णालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फॉर्मवर ‘जिल्हा: हिंगोली, पद: मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, लिंग: स्त्री’ एवढं भरून घेतलं की नाव लिहायची गरजच राहत नाही. म्हणून जिल्हा विचारूच नये. संस्थेचा प्रकार पुरे: वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय. वय आकड्यात नको, ३५ च्या आत की वर एवढंच. सेवा पाच वर्षांच्या आत की वर. नियमित की कंत्राटी, हे मात्र हवंच. अहवाल देताना दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा दाखवू नये, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

हस्ताक्षर ओळखलं जातं, तेव्हा कुठेही लिहायला जागा ठेवू नये, सगळीकडे खुणा. ‘आपल्या सूचना’ असा मोकळा रकाना शेवटी ठेवायचा मोह होतो. तो वेगळ्या कागदावर, वेगळ्या लिफाफ्यात. फॉर्म वरिष्ठांच्या हातून वाटू नयेत आणि त्यांच्या हातात परतही जाऊ नयेत. कुलूप लावलेली पेटी, तीसुद्धा कार्यालयाच्या दारात नको. साहेबांनी व्हॉट्सॲप गटावर लिंक टाकून ‘सर्वांनी आज सायंकाळपर्यंत भरावे’ असं लिहिलं की सायंकाळपर्यंत सगळ्यांचे गुण पाचाच्या वर जातात, हे गृहीत धरून चालावं.

गुगल फॉर्मवर करायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. ईमेल गोळा करण्याची आणि ‘एकच प्रतिसाद’ची सोय बंद असावी, दुसरी चालू असली की लॉगिन मागितलं जातं आणि विश्वास तिथेच तुटतो. आणि नऊ प्रश्नांची जाळी करू नये. मोबाइलवर सात रकाने मावत नाहीत, ५ आणि ६ पडद्याबाहेर राहतात, बोट सरकवायचं सुचत नाही, आणि सगळ्यांची उत्तरं ४ च्या आत येतात. प्रत्येक प्रश्न वेगळा, पर्याय एकाखाली एक. कागदावर मात्र आडवा ए-फोर आणि सात रकानेच सोयीचे. फाइल युनिकोडमध्येच बनवा. कृतीदेवमध्ये टाइप केलेला मसुदा दुसऱ्या कार्यालयात उघडला की नुसती अक्षरांची खिचडी दिसते, आणि ती सुधारताना कोणीतरी वाक्यं आपल्या मनाने ‘नीट’ करतं.

सगळे प्रश्न एकाच दिशेचे आहेत, उलटा एकही नाही. पट्टीचा हा खरा दोष. पेन घेऊन सरसकट सहाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करत गेलेले फॉर्म येणार. ते वेगळे मोजून ठेवावेत आणि अहवालात संख्या सांगावी. असे फॉर्म पाचात एक निघाले, तर उत्साहापेक्षा भीतीचीच शंका आधी घ्यावी.

बेरीज कशी करायची, कुठे चुकते

समजा एका फॉर्मवर क्रमाने ४, ५, ५, ४, ३, ४, ६, २, २ अशी उत्तरं आहेत. बेरीज ३५, भागिले ९, म्हणजे ३.८९. गटवार पाहिलं तर हुरूप (४, ५, ३) ४.००, आपुलकी (५, ४, ६) ५.००, गढून जाणं (४, २, २) २.६७. मूळ पुस्तिकेत डच भाषकांवरून काढलेल्या सीमा दिल्या आहेत. एकूण सरासरी १.७७ पर्यंत फार कमी, २.८८ पर्यंत कमी, २.८९ ते ४.६६ मध्यम, ४.६७ ते ५.५० जास्त, ५.५१ पासून पुढे फार जास्त. आपला ३.८९ मध्यमात बसतो, पण आपुलकीचा ५.०० एकटा पाहिला तर ‘जास्त’मध्ये. एकूण आकडा घ्यावा की तीन वेगळे, यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण तिन्ही गट एकमेकांशी फार घट्ट जुळलेले असतात. नऊ प्रश्नांच्या आवृत्तीसाठी तुलनेला एकूण आकडा घ्यावा आणि समजून घ्यायला तीन, असं आमचं मत. डच सीमांवरून आपल्या माणसांना कमी-जास्त ठरवणं मात्र टाळावं. इथल्या माणसांची तुलना इथल्याच माणसांशी, आणि एका गटाची त्याच गटाच्या मागच्या वर्षाशी.

एक्सेलमध्ये दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. रिकामी चौकट आणि शून्य या पट्टीत वेगळ्या गोष्टी आहेत: शून्य म्हणजे ‘कधीच नाही’, रिकामं म्हणजे उत्तरच नाही. बेरीज करून सरसकट ९ ने भागलं की रिकाम्याचं शून्य होतं आणि माणूस उगाच खाली जातो. जितकी उत्तरं आली तितक्यानेच भागावं. एखाद्या गटातले दोन प्रश्न रिकामे असतील तर तो फॉर्म बाजूला ठेवावा. दुसरी चूक म्हणजे ० ते ६ च्या जागी १ ते ७ छापणं. बाकी सगळं तेच, पण प्रत्येकाचा आकडा बरोबर एकाने फुगतो आणि अख्खा विभाग ‘जास्त’मध्ये जाऊन बसतो. उत्तरं एकमेकांशी सुसंगत आहेत का, हे क्रोनबाखच्या अल्फाने बघतात, तो ०.७० च्या खाली आला तर आधी भाषांतर तपासा, माणसांना दोष देऊ नका.

मूठभर माणसांवरून किती बोलता येतं, याचाही हिशोब करून ठेवावा. उत्तरांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १.१ धरलं आणि ३० माणसं असली, तर सरासरीला दोन्हीकडे साधारण ०.४ ची सूट द्यावी लागते. आठच माणसं असली तर ०.९ च्या पुढे. म्हणजे कंत्राटी गटाची सरासरी ३.९ आणि नियमित गटाची ४.२ आली, म्हणून कंत्राटी मंडळी कमी मन लावतात असा ठपका ठेवणं निव्वळ अन्याय आहे. त्या फरकात काहीच सिद्ध होत नाही. उलट दोन्ही गटांत आपुलकी वर आणि हुरूप खाली, असं चित्र जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर दिसलं, तर ते बोलतंय. मन आहे, अंगात त्राण नाही. याचं औषध प्रेरणादायी व्याख्यान नाही. पोर्टलसाठी वेगळा डेटा एंट्री ऑपरेटर, बसायला दार लागणारी खोली, आणि मागून आधार देणारा वरिष्ठ हे आहे. या पट्टीमागचा सिद्धांतही तेच सांगतो: कामाचा भार आणि कामाला मिळणारं बळ, दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही. म्हणून नऊ प्रश्नांबरोबर भाराचे आणि आधाराचे चार-पाच प्रश्न जोडल्याशिवाय सर्वेक्षण करूच नये.

वेळही निवडावी लागते. मार्चअखेर नको. संपाच्या किंवा समायोजनाची (कंत्राटी माणसांना नियमित सेवेत घेण्याची) चर्चा तापलेल्या दिवसांत नको. कराराचं नूतनीकरण अडकलेलं असताना तर मुळीच नको. बीड आणि आसपासच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात; मग वॉर्डात म्हाताऱ्या माणसांबरोबर कोणी थांबायला नसतं आणि नातेवाईक शोधण्याचं काम एकदम वाढतं. सुगीचे आणि टोळ्यांचे महिने धरून एक, आणि पावसाळ्याआधी एक, अशा दोन फेऱ्या घेतल्या तर चित्र खरं येतं. फॉर्म भरायला तीन-चार मिनिटं लागतात, पण ती ओपीडीच्या वेळेत मागू नयेत.

इतर पर्याय थोडक्यात. थकवा, रितेपणा मोजायची मॅस्लॅक यांची २२ प्रश्नांची पट्टी भक्कम आहे, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. आत्महत्येचे प्रयत्न, अत्याचारग्रस्त बायका आणि मुलं यांच्यासोबत रोज काम करणाऱ्यांसाठी प्रोक्वॉल (ProQOL) ही ३० प्रश्नांची पट्टी जास्त जवळची आहे. मदत केल्याचं समाधान, थकवा आणि दुसऱ्याच्या आघाताचा आपल्यावर होणारा परिणाम असे तिचे तीन भाग, गेल्या ३० दिवसांबद्दल, आणि ती विनामूल्य मिळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या आणि सखी केंद्राशी (अत्याचारग्रस्त महिलांच्या मदत केंद्राशी) जोडलेल्या मंडळींना युट्रेक्टबरोबर तीही द्यावी. १७ प्रश्नांची जुनी युट्रेक्ट आवृत्ती आता घ्यायचं कारण दिसत नाही. ‘कामापासून मन बाजूला काढणं जड जातं’ हा तिचा एक प्रश्न तर समाजसेवकांच्या बाबतीत उत्साह मोजतो की झोप उडाल्याचं दुःख, हे सांगता येत नाही.

किमतीचं म्हणाल तर बिगर-व्यावसायिक शास्त्रीय संशोधनासाठी पट्टी मोफत आहे. मात्र हक्क लेखकांकडे आहेत, आणि व्यावसायिक किंवा संशोधनाबाहेरच्या वापराला त्यांची लेखी परवानगी लागते. प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्याला अडचण नाही. रुग्णालय प्रशासनाला स्वतःच्या कारभारासाठी वापरायची असेल तर आधी पत्र पाठवावं. त्याशिवाय महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचं परवानगीपत्र. या पत्रात एक वाक्य आवर्जून घालून घ्यावं: भरलेले फॉर्म कार्यालयाला मागता येणार नाहीत, फक्त एकत्रित आकडे मिळतील. हे वाक्य नंतर तोंडी मागून मिळत नाही. फॉर्म कुठे ठेवायचे, किती दिवसांनी नष्ट करायचे आणि ते कोण करणार, हेही त्याच पत्रात असावं, आणि त्याची एक प्रत प्रत्येक समाजसेवकाच्या हातात फॉर्म देण्याआधी पोचलेली असावी.